संशयाचा फायदा

अंबरनाथ, ९ एप्रिल २००६

श्रीमती माया हिला,

जयभीम. हे पत्र वकिलांना न विचारता लिहितो आहे. केस संपेपर्यंत फिर्यादीला काही लिहून द्यायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. फिर्यादी म्हणजे तू. आरोपी नंबर एक म्हणजे मी. आपली ही नवी नावं पोलिसांच्या कागदावर दोनदा वाचली, तेव्हा कुठं कळली.

मंगळवारी सकाळी हवालदार क्वार्टरवर आला. मी पहिल्या पाळीला निघत होतो, डबा सायकलला अडकवलेला. समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. तुझी वहिनी मीनल दारात उभी राहिली. आत आमचा आकाश इंजिनिअरिंगच्या सीईटीचा अभ्यास करत होता, तो बाहेर आलाच नाही. हवालदार सभ्य होता. म्हणाला, "तांबेसाहेब, चला, दोन सह्या आहेत." दोन सह्या म्हणत संध्याकाळ झाली. जामीन ठाण्यातच झाला. कलम ४४७ आणि ४२७. पहिलं दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत घुसण्याचं, दुसरं दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस करण्याचं.

दुसऱ्याच्या! मांजर्लीची ती जागा बाबांची. बाबा गेल्यावर सात-बाऱ्यावर आईचं, माझं आणि तुझं नाव लागलं. म्हणजे माझ्याच जागेत मी घुसलो, असं तुझं म्हणणं. मला न विचारता तू तिथं दोन खोल्या बांधल्यास, त्याला कुठलं कलम लागतं?

१२ मार्चला तिथं जे काही झालं असं तू म्हणतेस, त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. भावाशी बोलायचं सोडून तू थेट ठाण्यात गेलीस, एवढंच नोंदवून ठेवतो.

आईला तू उल्हासनगरला नेलंस. चार नंबर कॅम्पातली भाड्याची खोली म्हणे दुसऱ्या मजल्यावर आहे. तिचे गुडघे तुला माहीत आहेत.

राजरत्न शिवराम तांबे


अंबरनाथ, २० ऑगस्ट २००६

माया,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

आमच्या वकिलांचं नाव चिंतामणी गुप्ते. कल्याणला राहतात, उल्हासनगर कोर्टात रोज असतात. मी सात-बारा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "साहेब, जागा माझी आहे, केस उडाली पाहिजे."

त्यांनी कागद उघडलाही नाही. म्हणाले, "तांबे, जमीन कोणाची हा दिवाणी प्रश्न. तो कल्याणला वीस वर्षं चालेल. भिंत कोणी पाडली हा फौजदारी प्रश्न. जागा तुमची एकट्याची असती, तरी तिनं स्वतःच्या पैशानं बांधलेलं, ती राहत असलेलं घर तुम्हाला पाडता येत नाही. जागा खाली करून हवी, तर दावा लावायचा. जेसीबी लावायचा नाही."

मी म्हणालो, मी जेसीबी लावला असं मी म्हणत नाही.

"म्हणू नकाच," ते म्हणाले.

तर मुद्दा असा. ही दोन्ही कलमं तडजोडीची आहेत. तू कोर्टात लेखी दिलंस की आमचं आपसात मिटलं, की त्याच दिवशी विषय संपतो. मी पुन्हा दोन खोल्या बांधून देईन, तेवढ्याच, वर पत्रे नवीन. फॅक्टरीत माझी चार्जमनची बढती थांबली आहे. केस चालू असल्याचं मला लिहून द्यावं लागलं. शिक्षा झाली तर बढतीच काय, नोकरीचंही सांगता येत नाही. माझी बारा वर्षं उरली आहेत.

फिर्यादीत तीन मशीनचा उल्लेख आहे. दोन शिलाईची, एक ओव्हरलॉक. ती आत होती हे मला ठाऊक नव्हतं. हे एवढं तरी मान्य कर.

मीनल आईला विचारते आहे.

राजरत्न


अंबरनाथ, १४ जानेवारी २००७

माया,

तुझं कार्ड मिळालं. चार महिन्यांनी दोन ओळी. "दादा, 'जे काही झालं' म्हणजे काय झालं ते तुझ्या हातानं लिही. मग तडजोडीचं बोलू."

ते लिहिता येणार नाही. कारण तुला ठाऊक आहे. बाकी जे लिहिता येईल ते लिहितो.

बाबांनी ती जागा घेतली तेव्हा मी अकरावीत होतो. ते आणि मी अंबरनाथहून सायकलवर डबलसीट जायचो, नदीच्या बाजूला तारेचं कुंपण घालायला. खांब मी धरायचो, ते ठोकायचे. ते म्हणायचे, "राजा, आपल्या सात पिढ्यांत स्वतःच्या नावावर जमीन घेणारा मी पहिला." मग पत्र्याची एक खोली झाली. मला फॅक्टरीत चिकटवल्यावर क्वार्टर मिळालं, मी तिकडे गेलो. तू लग्न होऊन गेलीस आणि पाच वर्षांनी मनोहर वारल्यावर परत आलीस. बाबांचं शेवटचं आजारपण तू काढलंस. मी रविवारी यायचो. फळं आणायचो. हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही.

२६ जुलैच्या पुरात पत्र्याची खोली गेली. आईला तू शेजारच्या सुंदराबाईंच्या गच्चीवर कशी चढवलीस, ते लोक मला आजही सांगतात. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. रस्ता बंद होता, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तो चालत जाण्याइतका सुरू झाला होता, हेही खरं. मीनल म्हणाली, उद्या जा.

दिवाळीपर्यंत तू जोतं उंच घेऊन विटांच्या दोन खोल्या उभ्या केल्यास. एकीत आई आणि तू, दुसरीत मशीन. उल्हासनगरच्या सेठचं जीन्सचं जॉबवर्क आणलंस, वस्तीतल्या दोन बायका कामाला बसवल्यास. वास्तूच्या दिवशी मी आलो, जेवलो, पानही खाल्लं. तू दारावर पाटी लावली होतीस, "शिवराम तांबे". मी ती वाचली आणि काहीच बोललो नाही. बोलायला हवं होतं. निवृत्त झालो की क्वार्टर सोडावं लागतं, माया. माझ्या नावाची भिंत कुठंच नाही. बाबांच्या नावाची आहे, तिच्यात तू राहतेस.

गेल्या वर्षी जानेवारीत बिल्डर आला. आपली आणि शेजारची जागा मिळून इमारत करायची, तिघांना तीन फ्लॅट. तू म्हणालीस, "माझं घर आहे, मला फ्लॅट नको." त्याला जागा मोकळी हवी होती. पुढचं लिहीत नाही.

राजरत्न


अंबरनाथ, २ डिसेंबर २००७

माया,

हे कामापुरतं.

सुंदराबाई कोर्टात उलटल्या, हे तू पाहिलंसच. "मी घरात होते, मला काय माहीत." जेसीबीचा ड्रायव्हर यूपीला गेला तो पोलिसांना सापडला नाही. जेसीबीचा मालक शंकर, आरोपी नंबर दोन, म्हणतो की मशीन त्या दिवशी दुसरीकडे होतं. तू स्वतः त्या वेळी उल्हासनगरला होतीस. म्हणजे पाहणारी राहिली एकटी आई.

सरकारी वकील तिला उभी करणार, असं गुप्ते सांगत होते. माझी विनंती आहे, तिला आणू नकोस. एकाहत्तर वर्षांची बाई. पिंजऱ्यात उभं राहून पोटच्या पोराविरुद्ध बोलायचं, याचा विचार कर. गुप्ते माणूस वाईट नाही, पण उलटतपासणी हे त्याचं काम आहे आणि तो ते चांगलं करतो.

हे मी माझ्यासाठी लिहितो आहे असं तुला वाटेल. अर्धं तसंच आहे.

राजरत्न


अंबरनाथ, २४ फेब्रुवारी २००८

माया,

बुधवारी मी निर्दोष सुटलो. तू निकालाला आली नव्हतीस, म्हणून सांगतो. संशयाचा फायदा देऊन. मीनलनं पेढे आणले. मी पाळीला गेलो, लेथवर तीन पीस चुकीचे कापले आणि परत आलो. एकोणतीस वर्षांत माझ्या हातून एका पाळीत तीन पीस वाया गेले नव्हते.

आईच्या जबानीच्या दिवशी तू बाहेर बाकावर होतीस. साक्षीदाराला आत बसू देत नाहीत असं कोणीतरी तुला सांगितलं, तुझी साक्ष आधीच झाली होती तरी. त्यामुळे आत काय झालं ते तुला आईकडून जेवढं कळलं तेवढंच. मी सांगतो.

आदल्या दिवशी गुप्तेंचा फोन आला. "पांढरा शर्ट घाला. शंकरलाही सांगितलंय." मी का म्हणून विचारलं नाही. सकाळी आम्ही दोघं आरोपींच्या जागी उभे राहिलो. दोघंही पन्नाशीच्या आसपासचे, दोघांचे पांढरे शर्ट, शंकर माझ्याएवढाच उंच.

आईनं सरकारी वकिलांना नीट सांगितलं. "माझ्या राजानं पाडली. मला सुंदराबाईच्या ओट्यावर बसवलं आणि पाडली."

मग गुप्ते उठले. आवाज अगदी गोड. "आजी, मोतीबिंदू कधीपासून?"

"झाली चार वर्सं."

"ऑपरेशन?"

"पोरगी म्हनते करू. मंग घर बांधलं, तवा ऱ्हायलं."

"बरं. तुमचा मुलगा इथं आहे?"

"हाय की."

"दाखवा बघू कुठला."

आई आमच्याकडे बघत राहिली. मान थोडी पुढे काढली. मग बोट उचललं आणि शंकरकडे दाखवलं.

मी एक शब्द बोललो असतो, नुसता खाकरलो असतो, तरी तिनं बोट माझ्याकडे वळवलं असतं. मी खाकरलो नाही. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. आईला कळलं की काहीतरी चुकलं, काय ते कळलं नाही. ती म्हणाली, "का वं? काय झालं?"

तू तिला जिना उतरवत होतीस तेव्हा मी मागून आलो. तू रिक्षा बघायला पुढे गेलीस. ती कठड्याला धरून उभी होती. मी काही न बोलता शेजारी थांबलो, तरी तिनं ओळखलं.

"राजा?"

"हं."

"डोळं गेलं माझं. कान न्हाय गेलं. त्या दिशी तू काय बोल्लास ते मी ओट्यावरून समदं ऐकलं. मला काय दिसलं ते समद्यांनी इचारलं. काय ऐकलं ते कुनी इचारलंच न्हाय."

एवढंच म्हणाली. मग तू रिक्षा घेऊन आलीस.

तू दोन ओळींच्या कार्डात जे मागितलं होतंस, ते आता लिहितो.

१२ मार्च २००६, रविवार. दर रविवारी तू तयार माल सेठला पोचवायला जातेस, हे मला माहीत होतं, म्हणून तो दिवस धरला. जेसीबी शंकरचा, ठरवला मी. बिल्डर म्हणाला होता, "तांबेसाहेब, आम्ही यात कुठंच नाही." साडेदहाला मी पोचलो. आईला सांगितलं, नगरपालिकेची माणसं गटार बघायला येतायत, धूळ होईल, तू सुंदराबाईंकडे बस. तिची काठी मी हातात दिली. तिची औषधांची पिशवी आणि बाबांचा फोटो मी बाहेर काढला. म्हणजे आत काय आहे नि काय नाही, हे मी बघितलं होतं.

मग मी दुसऱ्या खोलीत गेलो. तीन मशीन होती. दोन शिलाईची, एक ओव्हरलॉक. ओव्हरलॉकवर तू धुतलेल्या चादरीचा तुकडा घातला होतास. मी तो उचलून बघितलं. तेल ताजं होतं, पट्टा नवा होता, सुई काढून बाजूला डबीत ठेवलेली होती. मशीन नीट ठेवणारा माणूस मला लगेच कळतो. मी चादर पुन्हा टाकली आणि बाहेर आलो.

ड्रायव्हरनं विचारलं, "अंदर कुछ सामान तो नहीं है?"

मी म्हणालो, "खाली है. चला."

हे आईनं ऐकलं. ओट्यापासून खोली पंचवीस फुटांवर. मशीन काढायला दोन माणसं आणि पंधरा मिनिटं लागली असती. ड्रायव्हर मदत करायला तयार झाला असता. मी का काढली नाहीत, याचं उत्तर दोन वर्षं शोधलं. मशीन बाहेर राहिली असती तर तू दुसऱ्या दिवशी ताडपत्री बांधून तिथंच बसली असतीस. मला तू तिथून गेलेली हवी होतीस. हेच उत्तर आहे, दुसरं नाही.

भिंत पडायला चार मिनिटं लागली. बाबांच्या नावाची पाटी मी आधी काढली नव्हती. ती विटांखाली गेली. आई ओट्यावरून ओरडत होती, "राजा, काय पाडतायत रं?" मी उत्तर दिलं नाही.

हे सगळं माझ्या हातानं, शुद्धीत, कोणाच्या दबावाशिवाय लिहिलं आहे. प्रत्येक पानावर पूर्ण सही केली आहे. गुप्तेंना मी विचारलं, निकालानंतर आता काय होऊ शकतं. ते म्हणाले, "काही नाही, सरकार अपील करणार नाही." मग म्हणाले, "फिर्यादी कल्याणच्या सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करू शकते. मुदत नव्वद दिवस. पण तिच्याकडे नवीन काही नाही." आता आहे. हे पत्र वकिलाला दाखव.

मीनलला मी आज सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "आकाशचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आहे, तुमचं डोकं फिरलंय का?" नंतर तिनंच पाकीट आणून दिलं. रजिस्टर पोस्टानं पाठवतो आहे.

राजरत्न शिवराम तांबे
टर्नर, वय ५०, राहणार अंबरनाथ पूर्व


अंबरनाथ, १२ जुलै २००९

माया,

शुक्रवारी आपण एकाच खोलीत सहा तास होतो आणि दहा वाक्यंही बोललो नाही, म्हणून लिहितो.

तुझा अर्ज मंजूर होऊन केस पुन्हा उल्हासनगरला आली, तेव्हा गुप्तेंनी वकीलपत्र काढून घेतलं. "तुम्ही स्वतःच पुरावा देता, मग मी कशाला?" म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. नव्या न्यायाधीशबाईंनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का, परिणाम माहीत आहेत का. मी दोन्हीला हो म्हणालो. पत्र माझंच आहे का विचारलं. हो म्हणालो. शंकरनं कबूल केलं नाही, त्याची केस वेगळी चालेल. ड्रायव्हरचा पत्ता मला माहीत असता तर मी तोही दिला असता.

शिक्षा तुझ्यासमोरच झाली. मशीन आणि बांधकामाची भरपाई, दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. माझ्या कल्पनेत कैद म्हणजे गज. शिपाई म्हणाला, "त्या मागच्या बाकावर बसा, मॅडम उठेपर्यंत हलायचं नाही." पावणेबाराला बसलो.

चेक न वटल्याच्या सात केस झाल्या. दोन भावांची मारामारी झाली, एकाच्या डोक्याला पट्टी. एक बाई पोटगीसाठी आली होती, नवरा आलाच नाही, तिला पुढची तारीख मिळाली. मी सगळं ऐकलं. तिथं ऐकण्याशिवाय दुसरं काम नसतं.

तुझं काम बाराला संपलं होतं. भरपाईच्या हुकमाची नक्कल मिळेल तेव्हा मिळेल, त्यासाठी थांबायची गरज नव्हती. तू बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलीस. आपल्या मध्ये तीन माणसं आली नि गेली. जेवणाच्या सुट्टीत तू बाहेर गेलीस, मला वाटलं आता येत नाहीस. तू आलीस आणि पाण्याची बाटली मध्ये ठेवलीस. सुट्टी संपल्यावर मी विचारलं, "आई कशी आहे?" तू म्हणालीस, "जिना उतरत नाही आता." मी म्हणालो, "मी येऊ?" तू समोर न्यायाधीशांकडे बघत म्हणालीस, "ती सांगेल तेव्हा." तू मला शिक्षा भोगताना बघायला बसली होतीस की सोबत बसली होतीस, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. विचारणारही नाही.

पावणेसहाला कोर्ट उठलं. शिपाई म्हणाला, "जा, सुटलात."

फॅक्टरीत चौकशी बसली आहे. नोकरी राहील असं युनियनवाले म्हणतात, बढती गेली. आकाश माझ्याशी बोलतो. मीनल कामापुरतं बोलते.

रिक्षा स्टँडवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर तेव्हा दिलं नाही. "दादा, एवढं सगळं लिहून दिलंस, मग कल्याणला चाललेल्या वाटणीच्या दाव्यात जागेवरचा हक्क का सोडत नाहीस?" तुला वाटलं असेल, ओशाळून सोडेन. आमच्या युनियनचे रामभाऊही म्हणाले, सोडून टाक, मन हलकं होईल. माझं मन हलकं व्हावं म्हणून जमीन द्यायची, तर ती तुला दिली असं होत नाही. कोर्ट जो हिस्सा ठरवेल तो मी घेईन. कमी ठरवला तर कमी. तुझ्या खोल्या जिथं होत्या तो भाग तुझ्याकडे राहावा, असं मी स्वतः लिहून दिलं आहे, पुढच्या तारखेला ते वाचतील. बाकीच्यासाठी मी भांडणार आहे, वकिलामार्फत, कागदावर.

जमिनीत माझा वाटा आहे. भिंतीत नव्हता.

तारीख बावीसची आहे. कल्याण, दुसरा मजला, अकरा वाजता. तू उभी राहशील त्याच्या समोरच्या बाजूला मी असेन.

जयभीम.

राजरत्न